डाळिंबाचा रंग उतरला तेव्हा

१

बाराच्या सुमारास डाळिंबाचे ओठ निळे पडायला लागले.

डाळिंब हे नाव वॉर्डातल्या सिस्टरांनी ठेवलेलं. पोरगी जन्मून आठवडाही झाला नव्हता आणि घरच्यांना बारशाचा विचार करायला सवड मिळाली नव्हती. तिच्या हृदयातून फुप्फुसांकडे जाणारी वाट जन्मतःच बुजलेली होती. आईच्या पोटात असताना प्रत्येक बाळाच्या हृदयाजवळ एक चिमुकली नळी उघडी असते आणि जन्मानंतर ती आपोआप मिटते. बाकीच्या बाळांचं त्यावाचून काही अडत नाही. डाळिंबाचं सगळंच त्या नळीवर अडलेलं होतं. ती मिटू नये म्हणून एक औषध सिरिंज पंपातून कणाकणाने तिच्या शिरेत चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलेलं. तोवर नळी उघडी राहायला हवी होती.

पंप तर चालू होता. हिरवा दिवा लागलेला, आकडा बरोबर. तरी मॉनिटरवरचा ऑक्सिजन पायऱ्या उतरावा तसा खाली येत होता.

ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरला त्याच्या उंचीमुळे सगळे लंबू म्हणत. त्याने कमरेत वाकून सुई पाहिली, सलाईनची नळी पाहिली, पंप उघडून परत लावला. सगळं जिथल्या तिथे. त्याने औषधभांडारात फोन लावला.

"काका, सकाळी भरलेलं नळीचं औषध चालतच नाहीये! पूर्ण बॅचच खराब असू शकते का?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

भांडार सांभाळणाऱ्या फार्मासिस्टला सगळे कुलूपकाका म्हणत. सहीशिवाय कापसाचा बोळाही न देणारा माणूस. ते कधी जिना चढून वर आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आज ते धापा टाकत वॉर्डात शिरले. चपला खालीच कुठेतरी राहिल्या होत्या. हातात थंड पेटी होती आणि पेटीतली औषधाची एक काचेची अँप्युल त्यांनी लंबूच्या हातात कोंबली.

"ही भर. बाकी सगळं नंतर, आधी ही भर!"

लंबूने नवी सिरिंज भरली, पंप लावला. डाळिंबाची आई खुर्चीची पाठ धरून उभी होती. सगळे मॉनिटरकडे बघत होते. मग मॉनिटरवरचा आकडा थबकला, जरासा घुटमळला आणि वर सरकू लागला.

ऑपरेशन करणारे सर तोवर येऊन पोचले होते. शस्त्रक्रियाघरातली टोपी अजून डोक्यावरच होती.

"पंप ठीक, शीर ठीक, डोस ठीक," ते म्हणाले. "मग त्या औषधाने काम का नाही केलं? शंकाताईंना बोलवा."

२

शंकाताई शेजारच्या कॉलेजात औषधशास्त्र शिकवत आणि हॉस्पिटलात एखादं औषध विचित्र वागलं की त्याचा छडा लावत. नाव पडलं ते उगाच नाही. घरी जेवायला बसल्या तरी 'मीठ कुणी घातलं' हे आधी विचारतात, अशी त्यांच्या सासूबाईंची तक्रार होती.

"कुणाची चूक ते मला आत्ता सांगू नका," आल्या आल्या त्या म्हणाल्या. "मला आधी काय झालं ते कळू दे."

लंबूचा चेहरा उतरला होता. "मीच भरली सिरिंज सकाळी. फ्रीजमधला डबा काढला, लेबल वाचलं, सिस्टरनी वाचलं, अँप्युल फोडली, ग्लुकोजमध्ये मिसळली. रोज करतो तसंच."

"फोडल्यावर वास आला?"

"कसला वास?"

"हे औषध दारूत विरघळवलेलं असतं. फोडलं की नाकाला झोंबतं."

लंबूने डोकं खाजवलं. "ताई, मला आठवडाभर सर्दी आहे. शिवाय मास्क. माझ्या नाकाखाली कांदा कापलात तरी कळणार नाही."

शंकाताईंनी हसू आवरलं आणि डाळिंबाच्या आईकडे मोर्चा वळवला. बाई शाळेत शिकवायची. डोळे लाल होते, पण उत्तरं नीट देत होती.

"बारा वाजता निळी पडली. त्याआधी सकाळभर कशी होती?"

"उलट फार छान होती हो! म्हणून तर मी गाफील राहिले. इतके दिवस अंग तापलेलं असायचं, गाल लालबुंद. आज ताप उतरला. लाली पण गेली. मी माझ्या आईला फोन करून सांगितलं, पोरीचा खरा रंग आज दिसला."

शंकाताईंचं पेन हवेतच राहिलं. "लाली कधी गेली?"

"कधी म्हणजे... डॉक्टरांनी सिरिंज बदलली. मी दूध काढायला पलीकडच्या खोलीत गेले. परत आले तर गाल पांढरे."

"आणि मध्ये मध्ये श्वास विसरायची, पायाला टिचकी मारावी लागायची, ते?"

"ते पण नाही झालं सकाळपासून." आईचा आवाज बारीक झाला. "हे चांगलं नव्हतं का?"

शंकाताई तिच्या शेजारी बसल्या. "तिला ताप आजाराचा नव्हता. अंग लाल होणं, तापणं, श्वास मध्येच थांबणं, हे सगळं या औषधामुळेच होतं. औषध अंगात आहे याची ती खूण. म्हणून तर सिस्टर तिला डाळिंब म्हणतात. रंग आधी जातो. नळी मिटायला वेळ लागतो, म्हणून निळेपणा दुपारी दिसला."

लंबू मागे उभा राहून ऐकत होता. "म्हणजे औषध कमकुवत होतं?"

"कमकुवत असतं तर रंग फिका झाला असता. तो एकदम गेला." शंकाताई उठल्या. "तुम्ही भरलेल्या सिरिंजमध्ये औषध नव्हतंच."

३

वॉर्डातला फ्रीज मोठ्या सिस्टरच्या टेबलामागे होता. त्याला कुलूप. किल्ल्या तीन. एक मोठ्या सिस्टरकडे, एक ड्युटीवरच्या डॉक्टरकडे आणि एक भांडारात.

"माझ्या फ्रीजमध्ये गडबड नसते," मोठ्या सिस्टर आधीच तापलेल्या होत्या. "आज सकाळीच आतून पुसून काढलाय. सगळं बाहेर काढलं, पुसलं, परत लावलं."

"या डब्यातल्या अँप्युल पण काढल्या?"

"काढल्या. डबा ओला झाला होता, कोरडा केला, परत भरला. का? पुसायचं पण नाही आता?"

"पुसा की. फक्त जी आधी जिथे होती तिथेच परत गेली का, एवढंच विचारतेय."

"अँप्युलना काय रोल नंबर असतात?" सिस्टर म्हणाल्या.

डब्यात चार उरल्या होत्या. एकसारख्या काचा, एकसारखी लेबलं, आत एकसारखं पाण्यासारखं द्रव. शंकाताईंनी प्रत्येक उजेडाकडे धरून पाहिली, हलवली. काही फरक कळेना. प्रयोगशाळेत पाठवायच्या तर उत्तर यायला आठवडा जाणार.

"सिस्टर, आयांचं दूध साठवायचा फ्रीझर कुठे आहे?"

"पलीकडे. कशाला?"

"या चारही त्यात ठेवायच्यात."

मोठ्या सिस्टरनी कपाळावर हात मारला. "अहो, वाया जातील! किती मुश्किलीने मिळतात या! कालपर्यंत भांडारात एकही नव्हती. नवीन डबे आत्ता दुपारी आले म्हणून वाचलो."

"आलेत ना? मग या चारांशी मला खेळू द्या."

दोघींनी चहा घेतला. सिस्टरने तीनदा घड्याळ पाहिलं, शंकाताईंनी सहा वेळा. मग त्यांनी फ्रीझरचं दार उघडलं आणि ट्रे बाहेर काढला.

तीन अँप्युलमधलं द्रव अजून डुचमळत होतं. चौथीत पांढरा बर्फ झाला होता आणि काचेला मानेपासून तळापर्यंत तडा गेला होता.

"ही खराब झाली," सिस्टर पुटपुटल्या.

"नाही हो. असल्या फ्रीझरने दारू गोठत नाही. गोठतं ते पाणी." शंकाताईंनी तडकलेली काच हळूच उचलली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. अंगठा काचेला चिकटला होता. लेबलाच्या मागच्या बाजूला गोल, बोटाच्या पेराएवढ्या जागेत गोंद लागलेला होता.

वापरलेल्या काचांच्या डब्यातून लंबूने सकाळची फुटकी अँप्युल चिमट्याने शोधून काढली. तिच्याही पाठीवर तसाच गोल चिकट डाग.

४

"या तर माझ्या," मास्तरीणबाई बघताक्षणी म्हणाल्या. नव्या सिस्टरांना अँप्युल फोडायला, सिरिंज भरायला शिकवणं हे त्यांचं काम. "पाण्याच्या अँप्युल घेते आणि वापरलेल्या औषधांची लेबलं भिजवून काढून त्यांवर चिकटवते. खऱ्याशी गल्लत नको म्हणून मागे लाल टिकली लावते. माझी टिकली कुठे गेली?"

"कुणीतरी काढली. या ठेवता कुठे?"

"शिकवणीच्या खोलीत, कपाटात. कुलूप कशाला लावू? पाणी कोण चोरणार?"

कपाट उघडलं. नळीच्या औषधाच्या लेबलाच्या दोन कमी होत्या.

म्हणजे कुणीतरी मुद्दाम दोन खऱ्या अँप्युल काढून त्या जागी दोन पाण्याच्या ठेवल्या होत्या. आणि ते करायला फ्रीजची किल्ली हवी.

मोठ्या सिस्टरनी शंकाताईंना बाजूला घेतलं. "मला कुणावर बोट ठेवायचं नाही. पण काल संध्याकाळी लंबू तासभर गायब होता. फोन उचलत नव्हता."

लंबूला विचारलं तर त्याचे कान लाल झाले. "चादरींच्या खोलीत झोपलो होतो, ताई. दोन दिवस डोळ्याला डोळा नव्हता. धोब्याने मला गाठोडं समजून उचलायला घेतलं, त्याला विचारा."

धोब्याला विचारलं. तो अजून हसत होता.

"सिस्टर, तुम्ही?" शंकाताईंनी विचारलं.

"मी चोरायच्या असत्या तर बदललेल्या अँप्युल स्वतःच्या हाताने डब्यात कालवून ठेवल्या असत्या का? काल त्या डब्याच्या तळाला असतील तर त्यांना वर मीच आणलं की!" आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. "अगं बाई. खरंच मीच आणलं."

शंकाताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. डोक्यात मात्र एक नवीच शंका सुरू झाली होती. ज्याने बदलल्या त्याने त्या तळाला ठेवल्या असतील, तर त्या इतक्यात वापरल्या जाऊ नयेत अशी त्याची इच्छा असणार. म्हणजे परत आणून ठेवायचा विचार होता. मग नेल्या कशासाठी?

त्यांनी सरांना गाठलं. "काल कुणी हे औषध बाहेर मागितलं होतं?"

सर आठवू लागले. "दुपारी, हो. मी ऑपरेशनमध्ये होतो. सिस्टरने फोन कानाशी धरला. लांबच्या प्रसूतिगृहात निळं बाळ जन्मलंय, एक अँप्युल पाठवू का, असं कुणीतरी विचारत होतं. मी नाही म्हटलं. न तपासलेलं बाळ, श्वास थांबला तर श्वासाची नळी घालायला तिथे कोण? रुग्णवाहिका सकाळी निघणार होती, म्हटलं इकडेच आणा."

"विचारणारा कोण होता?"

"ते ऐकलंच नाही मी. हातात हृदय होतं, ताई."

तेवढ्यात खाली रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला. लांबच्या प्रसूतिगृहातलं बाळ येऊन पोचलं होतं.

५

मुलगा होता. सोबत प्रसूतिगृहातली तरुण डॉक्टरीण आणि पोराचा बाप. आई टाक्यांमुळे तिकडेच राहिली होती. डॉक्टरीण भराभर सांगत होती. जन्मापासून निळसर, ऑक्सिजन लावून फरक नाही, फक्त ग्लुकोजची सलाईन चालू.

मोठ्या सिस्टरनी दुपट्यात गुंडाळलेलं पोर उघडलं आणि सहज म्हणाल्या, "अरे वा! हे तर दुसरं डाळिंब!"

पोर पायापासून कानापर्यंत लाल होतं. अंग गरम. मॉनिटर लावला तर ऑक्सिजन चांगला. सोनोग्राफीच्या पडद्यावर हृदय पाहिल्यावर लंबू चक्रावला. फुप्फुसांची वाट याचीही बुजलेली, पण नळी सताड उघडी.

शंकाताईंनी डॉक्टरीणबाईंना खिडकीपाशी नेलं. मुलगी दमली होती, ओठ सुकले होते.

"वाटेत श्वास थांबला होता का ग याचा?"

"दोनदा. तोंडाला लावायची हवेची पिशवी दाबली की परत घ्यायचा."

"ग्लुकोजने श्वास थांबत नाही. अंग लालही होत नाही."

मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मी रात्रभर त्याच्यापाशी बसले होते, मॅडम. एक मिनिट हलले नाही. औषधाशिवाय तो सकाळपर्यंत राहिलाच नसता."

"औषध कुणी पाठवलं?"

"ते नका विचारू."

"नाही विचारत," शंकाताई म्हणाल्या. "मला ते आत्ताच कळलं."

त्या भांडारात उतरल्या. कुलूपकाका टेबलापाशी बसले होते. समोर पाण्याचा ग्लास, तसाच भरलेला.

"काका, एक साधा प्रश्न. बारा वाजता लंबूने फोन केला. औषध खराब आहे का, एवढंच विचारलं. वर फ्रीजमध्ये, बाळापासून चार पावलांवर, चार अँप्युल होत्या. दुसरा कुणीही म्हणाला असता, अरे, डब्यातली दुसरी भरून बघ. तुम्ही अनवाणी तीन मजले चढून खालून नवी घेऊन आलात. त्या डब्यावर विश्वास ठेवता येत नाही, हे तोवर एका माणसालाच माहीत होतं."

कुलूपकाकांनी मान हलवली. नाकारलं काहीच नाही.

"ती डॉक्टरीण तुमची कोण?"

"मुलगी." त्यांनी ग्लास बाजूला सारला. "तिचा फोन आला. बाबा, डोळ्यांसमोर जातंय म्हणाली. सरांना विचारलं, ते नाही म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. मग मी संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरकडे थर्मास दिला. एक फुटली तर म्हणून दोन."

"आणि डब्यात जागा रिकामी का नाही ठेवलीत?"

"संध्याकाळी सिस्टर मोजतात. कमी दिसल्या असत्या तर बस सुटायच्या आत फोनाफोनी झाली असती. सिस्टर टेबलापाशी नसताना वर जाऊन तळाला ठेवल्या होत्या, ताई. वरच्या तीन खऱ्या. नवा माल दुपारी यायचा होता, आला की बदलणार होतो. पेटी भरून जिन्यापर्यंत पोचलोही होतो, तेवढ्यात फोन वाजला." त्यांनी दोन्ही तळहात टेबलावर उताणे ठेवले. "फ्रीज पुसतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उभ्या आयुष्यात सहीशिवाय काही दिलं नाही मी. दिलं ते हे."

शंकाताईंना नेहमी उत्तर सापडलं की बरं वाटे. आज तसं काही वाटेना.

"तुमच्या मुलीला माहीत होतं, इकडे पाणी ठेवलंत ते?"

"नाही. परवानगीशिवाय पाठवतोय, कुणाला सांगू नको, एवढंच सांगितलं होतं मी. वर आल्यावर कळलं असेल तिला." ते उठले. "सरांकडे जायच्या आधी मला त्या आईला भेटायचंय. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला कळायला नको."

६

डाळिंबाच्या आईने काकांना शेवटपर्यंत बोलू दिलं. पाळण्यात पोरगी पुन्हा लाल झाली होती, पाय झाडत होती.

ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "मी इथेच बसले होते ना काल? याच खुर्चीवर?"

"हो."

"मग मला का नाही विचारलंत?"

तिने डाळिंबाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

"माझ्या पोरीसाठी आणलेल्यातली एक दुसऱ्याला देऊ का, असं विचारलं असतंत तर मी काय, नाही म्हणाले असते? मी स्वतः सरांशी भांडले असते. तुम्ही तिच्या औषधाच्या जागी पाणी ठेवलंत. आणि मी ती गोरी दिसते म्हणून घरी फोन करत होते." ती पाळण्याकडे वळली. "जा आता. तिचं ऑपरेशन होईपर्यंत मला दिसू नका."

काका गेले. सरांनी त्याच संध्याकाळी त्यांना कामावरून थांबवलं आणि चौकशी नेमली. स्वतःचा नकारही सरांनी चौकशीपुढे ठेवला, आणि विचारणारा कोण, बाळ कुठलं, हे नीट ऐकून न घेतल्याचंही. मोठ्या सिस्टर आठवडाभर फ्रीजजवळ गेल्या की हळव्या व्हायच्या. मास्तरीणबाईंनी पाण्याच्या सगळ्या अँप्युल निळ्या रंगाच्या पाण्याने भरलेल्या मागवल्या.

चौकशीत शंकाताईंना विचारलं गेलं, या माणसाबद्दल तुमचं मत काय? त्या म्हणाल्या, "याने एक बाळ वाचवलं, दुसरं मरणाच्या दारात नेलं आणि मग स्वतःला उघडं पाडून तेही वाचवलं. वजाबाकी मला जमत नाही." काकांची नोकरी गेली. त्यानंतर काही महिन्यांनी आसपासच्या प्रसूतिगृहांना हे औषध कसं द्यायचं, श्वास थांबला तर काय करायचं, हे शिकवायला हॉस्पिटलने माणसं पाठवली. त्यासाठी सर्वांत जास्त आरडाओरडा सरांनी केला.

डाळिंबाचं ऑपरेशन ठरल्या सकाळी झालं. सरांनी फुप्फुसांकडे नवी वाट बसवली. पंप बंद करायची वेळ आली तेव्हा लंबू, मोठ्या सिस्टर आणि शंकाताई तिघंही मॉनिटरसमोर उभे होते. बटण दाबलं गेलं. आकडा जागचा हलला नाही. लाली हळूहळू ओसरली, आणि या वेळी आईने कुणाला फोन केला नाही. ती नुसती बघत बसली.

त्या मुलाचं ऑपरेशन दोन दिवसांनी झालं. त्याच्या आईला टाके असतानाच गाडीत घालून आणलं होतं. सगळी हकिगत तिला नवऱ्याकडून कळलेली होती. वॉर्डाच्या दारात ती भिंतीला धरून उभी राहिली. दोन्ही पाळणे शेजारी शेजारी होते आणि मधल्या खुर्चीवर डाळिंबाची आई बसलेली. आत पाऊल टाकायची तिची हिंमत होईना.

डाळिंबाच्या आईने वर पाहिलं. कोण आहे ते तिला सांगावं लागलं नाही. मग मांडीवरचं दुपटं उचलून उठली, खुर्ची त्या मुलाच्या पाळण्याकडे वळवली.

"बस," ती म्हणाली. "उभं राहून टाके ताणतात."

आणि स्वतः डाळिंबापाशी उभी राहिली.